भेटीची बाटली आणि विक्रीची बाटली



शिमगा जवळ आला. मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा झाडून झाला असेल. आता पहाटे टोपल्या घेऊन बाया-पोरं झाडाखाली जायला लागतील. शिमग्याच्या मागोमाग लगनं सुरू होतील. लगनाला जाताना आपला माणूस सोयऱ्याच्या दारात रिकाम्या हाताने जात नाही. तांदूळ नेतो, कोंबडा नेतो, आणि घरी काढलेली एक बाटली नेतो.

या अंकात आम्ही त्या बाटलीवर लिहितोय. कुणी म्हणेल, प्लॉटचं, सातबाऱ्याचं लिहायचं सोडून हे दारूवर काय लिहायला बसले? पण थंडीत पाड्यापाड्यावर बैठका झाल्या तिथे जमिनीचा विषय निघाला की मागोमाग हा सवाल निघालाच. बाया उठून बोलल्या, "संघटनेने दारू पार बंद करावी. नवरा मजुरीचे पैसे भट्टीवर टाकून येतो आणि घरी येऊन मारतो." म्हातारे बोलले, "धार सांडल्याबिगर देव घेत नाय. बंद करा म्हणता, मग हिरव्याला काय सांगू?" दोन्हीकडून आवाज चढले. काही ठिकाणी बैठक तिथेच मोडली, आणि प्लॉटच्या अर्जाचं काम तसंच राहिलं.

आम्हाला वाटतं, बाया खरं बोलतात आणि म्हातारेही खरं बोलतात. फक्त ते दोन वेगळ्या बाटल्यांबद्दल बोलतात. एक भेटीची बाटली आणि एक विक्रीची. सरकारने या दोघींना एकच गुन्हा ठरवलं. आपणही दोघींना एकच समजायला लागलो, आणि तिथे आपली गडबड झाली.

आधी भेटीची बाटली काय ते लिहून ठेवू. शहरात शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना आता ते माहीत राहिलेलं नाही.

मोहाचं फूल पहाटे आपोआप गळतं. ते तोडावं लागत नाही. वेचायचं, खळ्यावर सुकवायचं, कणगीत किंवा मडक्यात भरून ठेवायचं. सुकल्यावर ते मनुक्यासारखं तांबडं-काळं होतं आणि त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. म्हणून त्याला गुळाची गरज नाही. पाण्यात भिजत घातलं की चार-सहा दिवसांत ते आपसूक आंबतं. थंडी असेल तर आणखी एक-दोन दिवस. मग मडकं चुलीवर, वर दुसरं मडकं, सांधे मातीने लिंपलेले, आणि वाफ थंड करायला सारखं पाणी बदलत राहायचं. एवढ्यासाठी एक माणूस रात्रभर जागतो. बहुतेक घरात ती जागणारी बाईच असते.

देवासाठी काढायची तिच्यात काही घालत नाहीत. पाहुण्याला द्यायची तिला मात्र घराघराची वेगळी चव असते. कुणी आलं ठेचून घालतं, कुणी ओवा, कुणी बडीशेप. पावसाच्या तोंडावर जांभळं पिकली की कुणी जांभूळ टाकतं. चाखून म्हातारा सांगतो, ही अमक्या पाड्याची. कारण झाड त्याला ठाऊक असतं, आणि काढणाऱ्या बाईचा हातही ठाऊक असतो.

ती द्यायची रीतही ठरलेली आहे. बाटली हातात घेतल्यावर घरधनी आधी धरतरीवर चार थेंब सांडतो, मग देवाला, मग मेलेल्या पूर्वजांना. त्यानंतर सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, मग पाहुण्याला. पळसाच्या दोन्यातून ती अंगणभर फिरते. वीस माणसांत एक बाटली फिरली तर कुणाच्या वाट्याला किती येणार? झिंगण्यापुरती येत नाही. नातं बोलण्यापुरती येते. सोयरिकीतलं भांडण मिटलं तरी असंच, मयताच्या दिवशीही असंच. भेटीच्या बाटलीला किंमत नसते. आज तुम्ही नेली तर उद्या तुमच्या घरच्या लगनाला तो आणतो. सावकाराच्या वहीत तिची नोंद होत नाही.

मग हा गुन्हा कधी झाला? यालाही तारखा आहेत. त्या पाठ करून ठेवा, म्हणजे "तुम्ही आदिवासी पहिल्यापासून दारुडे" असं कुणी तोंडावर म्हणालं तर उत्तर देता येईल.

१८७८ मध्ये इंग्रजांनी मुंबई अबकारी कायदा केला. घरची भट्टी बंद झाली आणि दारू काढायचा-विकायचा हक्क ठेकेदाराला लिलावाने मिळाला. सरकारला त्यातून मोठा पैसा मिळायला लागला. तरी आपल्या लोकांच्या घरात मोहाची फुलं होतीच, आणि फुलं आहेत तोवर ठेकेदाराच्या दुकानाला पुरं गिऱ्हाईक मिळत नव्हतं. म्हणून १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. फूल घरात ठेवण्यावरच बंधन आलं. मोह हे गरिबाचं दुष्काळातलं अन्न आहे, ते बंद करू नका, असं तेव्हा काही लोकांनी सरकारला सांगितलं होतं. सरकारने ऐकलं नाही. विचार करा, झाड आपलं, फूल आपलं, वेचणारी आपली आयस, आणि तेच फूल घरात सापडलं तर गुन्हा. आणि त्याच फुलाची दारू ठेकेदाराच्या दुकानात रोख पैशाला.

आपली जमीन इथूनच सरकायला लागली. देवाची धार थांबत नाही आणि लगन थांबत नाही. मग दारू विकत घ्यायला लागली. रोख पैसा आपल्याकडे कधी नव्हताच. ठेकेदार उधार देई, वही वाढत जाई, आणि शेवटी वहीच्या बदल्यात शेत जाई. ठाणे जिल्ह्यात दारूचा ठेकेदार, सावकार आणि जमीनदार हे पुष्कळदा एकाच घरातले, कधी एकच माणूस. लगनासाठी कर्ज काढणारा पोरगा आपल्या बायकोसकट त्याच्या दारात 'लग्नगडी' म्हणून राबायचा. त्या कर्जात देज होतं, तांदूळ होता, लुगडं होतं, आणि विकत घेतलेली दारूही होती. जी बाटली पूर्वी सोयरा हातात घेऊन यायचा, तीच आता पोराच्या गळ्यात दावं झाली.

आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. १९२२ मध्ये देवीची लाट आली. किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून ती निघाली, आपल्या डोंगरात आली, आणि डांग, सुरत, खानदेशपर्यंत गेली. देवी अंगात येऊन सांगायची, दारू-ताडी सोडा, ठेकेदाराकडे जाऊ नका, त्याच्या कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी सोडली. शिकलेल्या लोकांनी त्याला अंधश्रद्धा म्हटलं. पण ठेकेदार मात्र घाबरला, कारण त्याला बरोबर कळलं होतं की हा त्याच्या वहीवरचा वार आहे. पुढे बऱ्याच ठिकाणी ती लाट ओसरली. दुकानं जागेवर राहिली, कर्जाच्या वह्या जागेवर राहिल्या, आणि माणसं परत तिथेच गेली. यातून आम्ही एवढं शिकतो, की नुसती माणसाने पिणं सोडून भागत नाही, वहीसुद्धा फाडावी लागते. ती फाडायचं काम १९४५ मध्ये वारल्यांनी सुरू केलं. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठ आणि लग्नगडी मोडली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच जण गेले. आज आपल्या लगनाला कुणाच्या दारात गहाण राहावं लागत नाही, ते त्या लढ्यामुळे.

इंग्रज गेल्यावर काय झालं? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आपल्या घरची भट्टी गुन्हाच राहिली, आणि मोहाच्या फुलांवरची बंधनंही राहिली. पुढे १९७३ मध्ये सरकारने देशी दारूचे नियम केले आणि परवाने वाटले. ही सरकारी परवान्याची देशी साखर कारखान्याच्या मळीपासून होते. म्हणजे उसाची मळी कायद्यात बसली, मोहाचं फूल तेव्हा बसलं नाही. उसाच्या मागे कारखाना आहे, कारखान्याच्या मागे आमदार आहे. मोहाच्या मागे एक बाई आणि तिची टोपली आहे.

आजचं चित्र तर आपण रोज बघतो. सणाच्या आधी धाड पडते. नाक्यावर, हायवेच्या ढाब्यामागे ड्रमच्या ड्रम भट्टी लावणारा सापडत नाही. सापडते पाड्यावरची म्हातारी, जिच्या घरात लगनासाठी दोन मडकी भिजत असतात. मडकी फोडतात, कागदावर "रसायन नष्ट केले" असं लिहितात, आणि तिला तारखा पडतात. एका तारखेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर दोन दिवसांची भाकर जाते. ही केस पुढे जमिनीच्या कामातही आडवी येते. प्लॉटच्या पंचनाम्याला माणूस उभा राहिला की त्याला दम देतात, "तुझ्या घरावर दारूची केस आहे, जास्त बोलू नको." आम्ही हे आमच्या कानाने ऐकलंय.

पण सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून आपण मोकळं होऊ नये. आपल्या पाड्यावर विक्रीची बाटली आली आहे आणि ती आपलीच माणसं विकतात. तिच्यात मोह नावालाच असतो. काळा गूळ असतो, नवसागर असतो, कुठे युरिया, कुठे बॅटरीच्या सेलचा मसाला. चार दिवस आंबवायला वेळ कुणाकडे आहे? सकाळी लावली, संध्याकाळी गिऱ्हाईक. हिच्यातले थेंब धरतरीवर सांडत नाहीत. ती म्हाताऱ्याला आधी देत नाहीत. तिथे पोरगा बापाच्या शेजारी बसून उधारीवर पितो आणि वही परत सुरू होते. वही आता ठेकेदाराच्या घरात नाही, आपल्याच आळीत आहे. आणि असल्या पिण्याला कुणी हटकलं की आपला बाप्या छाती काढून म्हणतो, "ही आपली संस्कृती हाय." दादा, संस्कृती म्हणजे ती रीत, ते माप, तो देव, तो सोयरा. एकट्याने नाक्यावर बसून पाऊण बाटली संपवायची आणि घरी येऊन बाईच्या पाठीत लाकूड घालायचं, ही कुठल्या पूर्वजाची रीत? कणसरीच्या कुठल्या कथेत ती आहे?

म्हणून आम्ही म्हणतो, भेटीची बाटली वाचवायची असेल तर विक्रीची बाटली आपल्याच हाताने बंद केली पाहिजे. विक्री चालू ठेवून भेटीचा हक्क मागितला तर ना सरकार ऐकेल, ना आपल्या बाया ऐकतील. आणि बायांनी ऐकू नये असंच आम्हाला वाटतं.

हे करायचं कुणी? धाडीने ते होत नाही, शंभर वर्षं बघितलं. गावसभेने करायचं. १९९६ च्या डिसेंबरात दिल्लीत अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतीचा नवा कायदा झाला, ज्याला 'पेसा' म्हणतात. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे आपले तालुके त्यात येतात. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात एक यादी आहे. ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे कोणते अधिकार असावेत याची ती यादी. तिच्यात नशेच्या पदार्थांवर बंदी घालणं किंवा त्यांची विक्री आणि सेवन यावर नियंत्रण ठेवणं आहे. त्याच्या खाली गौण वनोपजाची मालकी आहे. त्याच्या खाली आदिवासीची जमीन दुसऱ्याकडे जाऊ न देणं आणि बेकायदा गेलेली परत मिळवणं आहे. पुढे बाजार आहे, सावकारी आहे. दारू, मोह, जमीन, बाजार, सावकार, सगळं एका खाली एक लिहिलंय. आपल्या म्हाताऱ्यांना हे आधीच माहीत होतं की ही एकाच दोरीची गाठ आहे.

कुणी असं समजू नये की या कायद्याने भट्टी मोकळी झाली. दारूबंदीचा जुना कायदा उभा आहे, आणि पोलीस आजही केस करू शकतात. आदिवासी भागात दारूची दुकानं बंद करावीत आणि आदिवासींना त्यांच्या रीतीप्रमाणे घरापुरती काढू द्यावी, अशा सूचना केंद्र सरकारने सत्तरच्या दशकातच राज्यांना दिल्या होत्या. त्या आपल्या दारापर्यंत आल्या नाहीत. त्या मागायच्या असतील तर गावाचा ठराव हातात पाहिजे, आणि ठराव मागायच्या आधी तो आपण स्वतः पाळलेला पाहिजे.

म्हणून शिमग्याच्या आधीच्या गावसभेत पुढच्या गोष्टी मांडाव्यात असं आम्ही सुचवतो. गावाने यात भर घालावी, कमी करावं, पण बोलावं.

१. पाड्यावर दारूची विक्री बंद. रोखीने नाही, उधारीने नाही, मजुरीच्या बदल्यात तर नाहीच. मजुरीच्या बदल्यात दारू देणाऱ्या मालकाच्या कामाला गावातलं कुणी जाणार नाही.

२. देवासाठी, लगनासाठी, मयतासाठी घरच्या मोहाची, घरापुरती. गूळ, नवसागर, युरिया घालणाऱ्याची बाटली कुठल्याही अंगणात स्वीकारू नये.

३. सोयऱ्याला भेट एका घरामागे एक बाटली. मोठेपणा दाखवायला चार नेणारा दुसऱ्या गरिबाला कर्जात ढकलतो, हे लक्षात ठेवा. ज्याच्याकडे मोह नाही त्याने तांदूळ न्यावा, शेंगा न्याव्यात. त्याला कुणी हसायचं नाही.

४. मोजणी, पंचनामा, कोर्टाची तारीख, संघटनेची बैठक, आणि कागदावर अंगठा द्यायचा कुठलाही दिवस, त्या दिवशी थेंबसुद्धा नाही. किती शेतं अशीच गेली ते प्रत्येक घराला माहीत आहे.

५. पोरांना नाही.

६. मारहाण झाली तर दंड बायांची बैठक ठरवेल. आणि ज्या घरातली बाई म्हणेल आमच्या घरात भट्टी नको, त्या घरात भट्टी नाही. मडकं तिच्या चुलीवर चढतं, रात्र तीच जागते, केसही तिच्याच नावावर होते. मग शब्दही तिचाच.

आता एक अवघड गोष्ट. काही पाड्यांवर विकणारी बाई विधवा आहे, नवऱ्याने टाकलेली आहे. तिचं पोट त्याच्यावर आहे. तिची मडकी फोडून आपण घरी येऊन झोपलो तर आपल्यात आणि धाडीत फरक काय? आमचं म्हणणं, विक्रीबंदीच्या ठरावाबरोबर त्याच बैठकीत तिच्यासाठी रोजगार हमीच्या कामाची मागणी लिहून द्यावी, आणि काम निघेपर्यंत गावाने तिला धान्य द्यावं. मोहाची सुकी फुलं आणि बियांचं तेल गावाने एकत्र करून विकावं आणि त्याचा हिशोब तिच्या हाती द्यावा. आज व्यापारी शिमग्यानंतर आपली फुलं स्वस्तात नेतो आणि पावसाळ्यात आपल्यालाच महाग विकतो. हा फायदा गावात राहिला तर दोन-तीन बायांची घरं त्यावर निघू शकतात.

शेवटचं, झाडाबद्दल. ज्याचं त्याला माहीत असतं, हा मोह अमक्याच्या आज्याचा, तो तमक्या घराचा. शेत मोकळं करताना आपल्या लोकांनी साग तोडला असेल, ऐन तोडला असेल, पण मोह राखला. जंगल खातं म्हणतं, तुम्ही काल-परवा येऊन अतिक्रमण केलं. मग प्लॉटच्या मधोमध दोन माणसांच्या मिठीत न मावणारा मोह कुणी राखला? तीन पिढ्या त्याखाली कोण वेचतंय? पंचनाम्याला तलाठी, गार्ड आले की नुसत्या बांधावर उभे राहू नका. त्यांना मोहाखाली न्या. झाड कुणाच्या नावाने ओळखतात, कोण वेचतं, ते म्हाताऱ्यांच्या तोंडून सांगा आणि पंचनाम्यात लिहून घ्या. लिहिलं नाही तर सही-अंगठा देऊ नका. आपल्याकडे कागद थोडे आहेत. झाडं पुष्कळ आहेत, आणि तीही बोलतात.

ज्या झाडाची साक्ष काढायची, त्याच झाडाच्या फुलाने शुद्ध हरपून जमिनीच्या कागदावर अंगठा द्यायचा, हे यापुढे होता कामा नये. शिमग्याला सोयऱ्याकडे जा, घरची बाटली न्या, धरतरीला चार थेंब द्या, नाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला ताठ उभे राहा.

हा अंक ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. बायांच्या बैठकीत आधी वाचा. ठराव झाला की त्याची एक नक्कल संघटनेकडे पाठवा. पुढच्या अंकात कुठल्या गावाने काय ठरवलं ते छापू.

जल, जंगल, जमीन आमची!